वजनाचं इंजेक्शन थांबवताय? उतरलेलं वजन टिकवण्याची तयारी अशी करा

वजन कमी करण्याचं इंजेक्शन बंद केल्यावर महिन्या-दीड महिन्याने लोकांचे फोन येतात. "मॅडम, काटा तसा जागेवर आहे, पण भूक फार लागायला लागलीये." मी आहारतज्ज्ञ आहे आणि हे वाक्य मला हल्ली वारंवार ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या आवाजात भीती असते, थोडी लाजही असते. लाजण्यासारखं त्यात काहीच नाही. भूक परत येणार हे ठरलेलंच असतं, पण इंजेक्शन सुरू करताना ते कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

या इंजेक्शनांपैकी टिर्झेपेटाइड म्हणजे 'मौंजारो' भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि सेमाग्लुटाइडचं 'वेगोवी' जून २०२५ मध्ये. मौंजारोच्या सुरुवातीच्या अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत तेव्हा ३,५०० रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त देशी पर्यायांचा रस्ता मोकळा झाला. घेणारे वाढणार, तसे थांबवणारेही वाढणार. कुणाला खर्च झेपत नाही, कुणाला मळमळ सोसत नाही, कुणाला मूल हवं असतं, कुणी मनात धरलेल्या आकड्याला पोचलेलं असतं. कारण काहीही असो, माझं सांगणं एकच आहे. वजन टिकवण्याची तयारी शेवटच्या इंजेक्शनच्या निदान तीन महिने आधी सुरू करा. औषधाने भूक दबलेली असते, तेव्हा नव्या सवयी अंगवळणी पडतात. भूक पूर्ण जोमात परतल्यावर त्याच सवयी लावणं फार जड जातं.

थांबवल्यावर शरीरात काय होतं

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. पोट भरल्याची खबर ते मेंदूला देतं आणि पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकू देतं. शरीरात तयार होणारं हे संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं, पण त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर चार-पाच आठवडे त्याचा अंमल हळूहळू ओसरत राहतो. टिर्झेपेटाइडच्या बाबतीत हाच काळ पाच दिवसांच्या आसपास आहे, म्हणून ते थोडं लवकर उतरतं. फोन महिन्या-दीड महिन्याने का येतात, ते यात आलं.

अंमल उतरल्यावरचं चित्र संशोधनात स्वच्छ दिसतं. सेमाग्लुटाइडच्या 'स्टेप-१' या चाचणीतल्या काही लोकांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १७.३ टक्के उतरलं होतं. औषध थांबवून वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. टिर्झेपेटाइडच्या 'सरमाउंट-४' मध्ये सगळ्यांनी ३६ आठवडे औषध घेतलं आणि सरासरी २०.९ टक्के वजन उतरवलं. मग निम्म्या लोकांना त्यांच्या नकळत औषधाशिवायचं इंजेक्शन दिलं गेलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्के वाढलं. ज्यांचं औषध चालू राहिलं, त्यांचं आणखी थोडं उतरलं.

हे सरासरीचे आकडे आहेत, घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. पण "मी मनाचा पक्का आहे, माझं नाही वाढणार" एवढ्या भरवशावर औषध सोडू नये, हे त्यातून कळावं. उतरलेलं वजन शरीराला संकट वाटतं. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी केवळ आहाराने वजन उतरवलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं तपासली. वर्ष उलटून गेलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन उतरलेलं. शिवाय ९५ किलोच्या शरीराला दिवसभर जेवढी ऊर्जा लागायची, तेवढी ७५ किलोच्या शरीराला लागत नाही. म्हणजे भूक जुनी आणि गरज कमी. या दोहोंमधलं अंतर रोज भरून काढायचं असतं, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: थांबवायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा

मधुमेह असेल तर हे इंजेक्शन साखरही सांभाळत असतं. ते परस्पर बंद केलं तर साखर चढते. हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास किंवा यकृतावर चरबी असेल, तर औषध चालू ठेवणंच हिताचं ठरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत लठ्ठपणा हा दीर्घकाळचा आजार मानून औषधंही दीर्घकाळ वापरण्याचाच विचार केला आहे. कित्येकांसाठी कमी डोसवर राहणं हा मधला मार्ग असतो. खर्च हे एकमेव कारण असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ते सांगायला लोक संकोचतात आणि गुपचूप बंद करून टाकतात.

गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. इथे तारीखच ठरलेली असते, म्हणून तयारी आणखी आधीपासून हवी.

थांबवायचं ठरलं की तीन गोष्टी विचारा. डोस एकदम बंद करायचा की टप्प्याटप्प्याने उतरवायचा? यावर मोठे अभ्यास अजून थोडेच आहेत, पण हळूहळू उतरवलं की भूकही हळूहळू परतते आणि सावरायला वेळ मिळतो, असा माझा अनुभव आहे. दुसरं, वजन उतरताना रक्तदाबाची किंवा साखरेची एखादी गोळी कमी केली होती का? वजन वाढलं तर ती पुन्हा लागू शकते, म्हणून रक्तदाब घरी आठवड्यातून एकदा मोजत राहा. तिसरं, थांबवण्याआधी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि कोलेस्टेरॉल तपासून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येईल.

आणि मुहूर्त बघून थांबवा. दिवाळीच्या तोंडावर, घरच्या लग्नाच्या महिन्यात किंवा नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा डोस नको.

दुसरी पायरी: स्नायू परत कमवा

या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून ती आहाराच्याही आधी घेते आहे. 'स्टेप-१' मधल्या काही लोकांच्या शरीराचं स्कॅन केलं होतं. त्यात उतरलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात स्नायूही होते. वजन परत येतं तेव्हा मात्र मुख्यतः चरबी येते. उतरताना स्नायू गेले आणि चढताना चरबी आली, तर तोच आकडा असूनही शरीर आधीपेक्षा कमकुवत राहतं. चाळिशीनंतर हे फार महागात पडतं.

डेन्मार्कमध्ये या प्रश्नाचा नेमका अभ्यास झाला. आहाराने वजन उतरवलेल्या लोकांचे चार गट केले: कुणाला वर्षभर लिराग्लुटाइड हे याच जातीचं जुनं औषध, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही, कुणाला काहीच नाही. सगळं थांबवल्यावर आणखी वर्षभराने पाहिलं, तेव्हा नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन झपाट्याने परतलं होतं. औषधाबरोबर व्यायाम करणाऱ्यांनी बरंच जास्त टिकवलं होतं. औषध गेलं, व्यायामाची सवय राहिली.

जिमला जायलाच हवं असं नाही. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास घरी पुरतो. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. भिंतीला हात लावून छाती पुढे नेणं आणि मागे रेटणं. पाच किलो गव्हाची पिशवी जमिनीवरून उचलणं, पाठीचा बाक न काढता, कमरेतून वाकून. टाचा उचलणं. प्रत्येकाच्या दहा-बारा आवृत्त्या, असे तीन फेरे. बारा आवृत्त्या सहज व्हायला लागल्या की वजन वाढवायचं. पिशवी दहा किलोची घ्यायची, भिंतीऐवजी ओट्याला हात लावायचे. वाढवत नेलं नाही तर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

चालणं याशिवाय. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. तीत नाव यायला निदान १३-१४ किलो उतरवून वर्षभर टिकवलेलं असावं लागतं. त्यातले ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणं. तास ऐकून दडपण येतं, पण तो तुकड्यांत होतो. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत गेलात, जेवणानंतर शतपावली केली, फोनवर बोलताना गच्चीत फेऱ्या मारल्या, तर बराचसा भरतो.

तिसरी पायरी: ताटाची मांडणी बदला

औषध चालू असताना अर्धी पोळी खाल्ली तरी पोट गच्च वाटायचं, त्यामुळे भूक भागवायला ताटात काय आहे याला फार महत्त्व नव्हतं. आता आहे. पोट पुन्हा पूर्वीच्या वेगाने रिकामं होणार, म्हणून जास्त वेळ टिकणारं अन्न हवं. असं अन्न म्हणजे प्रथिनं आणि चोथा (फायबर).

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशेबाने निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन टिकवताना आणि व्यायाम चालू असताना मी एक ते १.२ ग्रॅम धरते. ७५ किलोच्या व्यक्तीला ७५ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

आता आपलं नेहमीचं ताट बघा. सकाळी पोहे, पाच ग्रॅमच्या आसपास. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात: सगळं मिळून सतरा-अठरा. चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, जेमतेम दोन. रात्री पुन्हा पोळी-भाजी. दिवसाची बेरीज चाळिशीही गाठत नाही. जेवण वाईट नाही, फक्त त्यात डाळ पातळ आणि उसळ क्वचित असते.

हेच ताट थोडं हलवू. सकाळी साठ ग्रॅम मुगाची दोन जाड धिरडी आणि वाटीभर दही, झाले अठरा. दुपारी पोळ्या त्याच दोन, पण भाताच्या जागी मटकीची उसळ आणि ताक, सुमारे वीस. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री पिठलं-भाकरी, तेरा-चौदा. वर पन्नास ग्रॅम पनीर आणि पेलाभर दूध घेतलं की पंचाहत्तरपर्यंत पोचलो. सामिष खाणाऱ्यांचं काम सोपं आहे: दोन अंड्यांत बारा ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण एकोणीस. बांगडा रव्यात घोळवून खोल तेलात तळू नका, तव्यावर चमचाभर तेलात भाजा.

वाढायचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. पहिली दहा मिनिटं चोथा आणि प्रथिनं पोटात गेली की दुसऱ्या भाकरीची ओढ आपोआप कमी होते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं वजन जेवणात वाढत नाही, ते संध्याकाळी पाच ते आठमध्ये वाढतं. ऑफिसातून सुटून लोकलमध्ये तासभर उभं राहून घरी यायचं, चहाचं आधण ठेवायचं, आणि ते उकळेपर्यंत ओट्याजवळच्या डब्यातून चिवडा, मग शेव, मग पोरांच्या डब्यात उरलेलं बिस्कीट. बसून खाल्लं नाही म्हणून ते खाणं हिशेबात धरलंच जात नाही. औषध चालू असताना हा हात डब्याकडे जात नव्हता, आता जाणार. उपाय घरी पोचण्याआधीच करायचा: फुटाण्यांची पुडी किंवा उकडलेली अंडी बॅगेत ठेवा आणि ऑफिसातून निघतानाच खा. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून. समोर दिसणाऱ्या डब्याशी रोज झगडत बसायची गरज नाही.

साखरेचं गणित चहात दडलेलं असतं. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे तीस ग्रॅमच्या वर साखर, आणि त्यात गोड पदार्थ अजून धरलेलेच नाहीत. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी, म्हणून फोडणी चमच्याने मोजूनच घाला. बाटली कढईवर तिरपी करू नका. दारूची इच्छाही औषधावर असताना कित्येकांची कमी होते आणि थांबवल्यावर परतते, तिच्यावरही नजर ठेवा.

उपवासाबद्दल. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च असतो. शेंगदाणे-तुपाच्या खिचडीचं एक ताट साध्या जेवणाला मागे टाकतं, आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास करायचाच असेल तर भगर, दही, राजगिरा, फळं घ्या. पण औषध थांबवल्यानंतरचे पहिले तीन महिने कडक उपवास टाळाच. दिवसभर पोट रिकामं ठेवलं की परतलेली भूक रात्री वसुली करते.

चौथी पायरी: वजनाची लक्ष्मणरेषा

अमेरिकेतल्या त्याच नोंदवहीतले ७५ टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. तुम्हीही करा: ठरलेला वार, सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, तोच काटा. काट्याजवळ भिंतीवर कागद लावा आणि आकडा लिहा. महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर धोका मानतात.

थांबवल्यावर पहिल्या आठवड्यांत एक-दीड किलो वाढलं तर घाबरू नका. जेवण वाढलं की पोटात अन्न जास्त असतं, आणि स्नायू-यकृतात साठणारं ग्लायकोजन (साखरेचा साठा) स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीही काटा वर जातो. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, चार आठवड्यांची सरासरी बघा.

सरासरी दोन किलोंनी वाढली की पहिली रेषा ओलांडली. त्या दिवसापासून दोन आठवडे खाल्लेलं सगळं लिहून काढा, ओट्याजवळ उभ्याने खाल्लेलंसुद्धा, आणि व्यायामाचे चुकलेले दिवस भरून काढा. बहुतेक वेळा गळती कुठे आहे ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कागदावर दिसतं. चार किलो वाढले की दुसरी रेषा. तेव्हा डॉक्टरांची वेळ घ्यायची. "आधी स्वतः कमी करतो, मग जातो" असं म्हणत थांबलेले लोक दहा किलो वाढल्यावर येतात, आणि तेव्हा सगळ्यांचंच काम अवघड झालेलं असतं.

झोप सात तासांच्या खाली गेली की भूक वाढते. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पण वजन अचानक चढलं तर डॉक्टरांना त्यांची आठवण करून द्या. थायरॉइडही तपासा.

घरच्यांना सांगून ठेवा

वजन उतरलेल्या माणसाला आपल्याकडे कौतुकापेक्षा काळजीच जास्त मिळते. "अगं, चेहरा किती उतरलाय तुझा! काही होतंय का? घे, अजून एक पुरणपोळी घे." मावशीचं प्रेम खरं असतं, तिला नाही म्हणवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी यावर छान तोड काढली. त्या सांगतात, "मावशी, एकच घेते, पण तूप घालून, बसून, चवीने खाते. दुसरी बांधून दे, उद्या खाईन." मावशी खूश, आणि ताटात दुसरी पोळी येत नाही.

नवऱ्याला, सासूबाईंना, मोठ्या मुलांना आधीच सांगा की पुढचे तीन-चार महिने मला भूक जास्त लागणार आहे, तो माझा हावरेपणा नाही. फरसाणाची पाकिटं लहान आणा. रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद. बोलायचं अवघड वाटलं तरी बोला. घरातल्यांना माहीत नसेल, तर "औषधाशिवाय राहवत नाही ना?" असले टोमणे सुरू होतात, आणि टोमण्यांपायी माणूस लपूनछपून खायला लागतो.

पुन्हा सुरू करावं लागलं तर

सगळं नीट करूनही काहींचं वजन वाढतं. चार महिने वर लिहिलेलं सगळं पाळलेल्या माणसाला पुन्हा औषध लागलं, तर त्याच्या शरीराला ते लागतं, एवढाच त्याचा अर्थ. रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली तर कुणी मान खाली घालत नाही.

पण फ्रिजमध्ये उरलेलं इंजेक्शनचं जुनं पेन काढून त्याच मोठ्या डोसने सुरुवात कधीही करू नका. मधले आठवडे औषध नसल्यामुळे शरीराची त्याची सवय मोडलेली असते. एकदम मोठा डोस घेतला तर जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊन शरीरातलं पाणी कमी होतं. सहसा पुन्हा लहान डोसपासून चढत जावं लागतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. दुसऱ्याचं पेन घेऊ नका आणि ओळखीतून किंवा ऑनलाइन मिळालेली बिनाबिलाची कुपी टोचू नका.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद तयार ठेवा: शेवटच्या डोसची तारीख आणि मात्रा, थांबवताना असलेलं वजन, त्यानंतरचे दर आठवड्याचे आकडे, पोटाचा घेर, घरी मोजलेला रक्तदाब, आणि आधी औषधावर असताना कोणत्या डोसला मळमळ सुरू झाली होती ते. पूर्ण डोस लागेल की थोड्यावर भागेल, हे ठरवायला त्यांना हीच माहिती लागते.